साळूक्काचं तोंड

"जबडा वाकडा काढणार असाल तर बसते," अनुसाबाई म्हणाल्या. "न्हायतर ऱ्हाऊ द्या."

घराच्या ओट्यावर त्या नदीकाठच्या मळीतली वांगी निवडत बसल्या होत्या. किडकी एका बाजूला, बाजारात न्यायची दुसऱ्या बाजूला. मी त्यांच्या समोर पोत्यावर बसले होते आणि त्यांच्या आईचं चित्र काढायचं आहे, आईचा फोटो कुठे मिळत नाही, तर तुम्हीच माझ्यासमोर बसाल का, असं विचारत होते. लोक म्हणत, लेक आईच्या तोंडावर गेली आहे.

मी विचारलं, "वाकडा म्हणजे कसा?"

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं, खालचा जबडा डावीकडे सरकवला आणि तसाच धरला. ओठ मिटेनात. डावा गाल आत ओढला गेला आणि एका बाजूचे दात उघडे पडले. मला वाटलं होतं, थोडंफार काहीतरी असेल. हे तसलं नव्हतं.

"असा," त्या तोंड पूर्ववत करून म्हणाल्या. "मरंपतूर असाच हुता."

ही ब्याण्णव सालची गोष्ट. मी हिवरतळ्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. बेचाळीसच्या लढ्याला पन्नास वर्षं होत होती. आमच्या साखर कारखान्याने नवं सांस्कृतिक भवन बांधलं होतं आणि त्याच्या मोठ्या दालनात तालुक्यातल्या विस्मरणात गेलेल्या स्त्रियांची तैलचित्रं लावायची, अशी टूम निघाली होती. कल्पना मृणालिनीताईंची. त्या कारखान्याचे संस्थापक तात्यासाहेब घोरवडे यांच्या सूनबाई, पुण्यात शिकलेल्या, वाचणाऱ्या. नावं त्यांनीच काढली होती. गढी लढवणारी एक देशमुखीण, प्लेगात लोकांची सेवा करता करता गेलेली एक सुईण, मुलींची पहिली शाळा काढणारी एक विधवा, ओव्या रचणारी एक गुरवीण. आणि पाचवं नाव साळूबाई भोई. तिला सगळे साळूक्का म्हणत.

साळूक्का पाणदऱ्याच्या घाटावर होडी चालवायची. नवरा पटकीने गेल्यावर वल्हं तिने हातात घेतलं. नदीवर पूल व्हायच्या आधी बाजाराला, लग्नाला, कोर्टाला जाणारं सगळं गाव तिच्या होडीतून पलीकडे जायचं. बेचाळीसमध्ये भूमिगतांनाही तिनेच पार केलं, असं जुनी माणसं सांगत. त्यापायी तिला मार खावा लागला, एवढंही सांगत. त्यापुढे कुणाला फारसं ठाऊक नव्हतं.

पहिल्या चौघींचा मला काही त्रास झाला नव्हता. त्यांचेही फोटो नव्हतेच. देशमुखिणीला मी आमच्या मुख्याध्यापिकांचं नाक दिलं, सुईणीला माझ्या आत्याचे डोळे. समितीतल्या मंडळींना चौघी पसंत पडल्या. कुणी तक्रार करायला जिवंत नव्हतं. साळूक्काची मात्र लेक जिवंत होती आणि तिची अट होती.

मी अट मान्य केली.

अनुसाबाई बाजारचा दिवस सोडून दुपारी माझ्याकडे यायच्या. येताना टोपलीतून काहीतरी आणायच्या, कधी वांगी, कधी मेथीची जुडी. खिडकीशी स्टुलावर बसायच्या आणि मी सांगेपर्यंत हलायच्या नाहीत. मधूनच जबडा सरकवून दाखवायच्या. फार वेळ धरता येत नसे, गाल दुखून यायचा. मग पदराने तोंड पुसून पुन्हा धरायच्या.

आईबद्दल त्या थोडंथोडं बोलायच्या. भाकरी तिला चावता यायची नाही. ताकात कण्या शिजवून प्यायची, तेही अर्धं पदरावर सांडायचं. बोललेलं परक्याला कळायचं नाही, म्हणून हळूहळू तिने बोलणंच सोडलं. होडीत माणसं भरली की हाताने खुणा करायची. लहान पोरं भ्यायची. पंक्तीला कधी बसली नाही, लेकीच्या लग्नातसुद्धा चुलीमागे बसून कण्या प्याली.

एकदा मी म्हटलं, "पोलीस किती निर्दय असतील हो."

अनुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उजेड गेला बाई, उद्या बसू."

मी चेहरा आधी तिरका घेतला होता आणि डोक्यावरचा पदर डाव्या गालावर थोडा ओढला होता. जबडा होता, पण सावलीत. मला वाटलं, त्यात एक प्रकारची अदब आहे. अनुसाबाईंनी चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी त्या सावलीकडे बोट दाखवलं.

"पदर मागं घ्या," त्या म्हणाल्या. "आणि तोंड म्होरं करा. बघणाऱ्याच्या तोंडाकडं."

मी ते सगळं खरवडून काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. समोरून, भर उजेडात. असं चित्र मी त्याआधी काढलं नव्हतं आणि नंतरही मला जमलं नाही. सुंदर म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते बाकीच्या चौघींच्या शेजारी ठेवलं की त्या चौघी नाटकातल्या वाटायच्या.

समितीतल्या लोकांनी नाकं मुरडली. एक वकील म्हणाले, बाई, थोडं सौम्य करा, मुलं बघायला येणार. दुसरे म्हणाले, कर्तबगारी दाखवायची की व्यंग? मृणालिनीताई मात्र चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, हे आहे तसंच लागेल. त्यांच्यापुढे कुणी बोललं नाही. मला त्या दिवशी त्या फार मोठ्या वाटल्या.

उद्घाटन तात्यासाहेबांच्याच हस्ते होतं. ते तेव्हा पंचाहत्तरीचे होते, पण ताठ. बेचाळीसचा लढवय्या, मग आमदार, मग कारखाना, मग शाळा-कॉलेजं. आमची शाळाही त्यांच्याच संस्थेची. तालुक्यात त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायची कुणाची टाप नव्हती. अनुसाबाईंनी मला एकच गोष्ट मागितली होती, त्या दिवशी त्यांना पुढे बसू द्यावं. मी मृणालिनीताईंना सांगून पहिल्या रांगेत त्यांची सोय केली. त्या इरकली लुगडं नेसून आल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

एकेक पडदा सरकत गेला आणि टाळ्या पडत गेल्या. तात्यासाहेब प्रत्येक चित्राला हार घालायचे, हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. पाचव्या पडद्याची दोरी त्यांनी ओढली. साळूक्का त्यांच्याकडे सरळ बघत होती.

ते थांबले. हार हातातच राहिला. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, इकडे बघा, पण त्यांनी मान वळवली नाही. मी अनुसाबाईंकडे पाहिलं. त्या चित्राकडे बघतच नव्हत्या. त्या पुढे वाकून तात्यासाहेबांचं तोंड निरखत होत्या, आणि माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

मग तात्यासाहेबांनी हार घातला, वाकून चित्राच्या चौकटीला हात लावून नमस्कार केला आणि माइकपाशी गेले.

बाकीच्या चौघींवर ते दोन-दोन वाक्यं बोलले. साळूक्कावर मात्र बराच वेळ बोलले. अंधाऱ्या रात्री, पुराचं पाणी, होडीत आम्ही तिघं आणि ही माउली, असं त्यांनी चित्र उभं केलं. त्यांचे दोन सोबती पलीकडच्या तीरावर पकडले गेले, हेही सांगितलं. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी कुठं आहे ते सांग, म्हणून फौजदारानं तिचंच वल्हं उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. जबडा फुटला, पण तिनं तोंड उघडलं नाही. आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो या फुटलेल्या जबड्यामुळं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. माझेही डोळे भरून आले. माझ्या मनगटावरचा हात तेवढा सुटला होता.

त्यांनी अनुसाबाईंना मंचावर बोलावलं. साडी, नारळ, शाल. तात्यासाहेबांनी स्वतः शाल पांघरली आणि "आमची बहीण" म्हणाले. कुणीतरी अनुसाबाईंच्या पुढे माइक धरला, दोन शब्द बोला म्हणाले. अनुसाबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. निवेदक म्हणाला, त्यांना गहिवरून आलं आहे. पुन्हा टाळ्या.

कार्यक्रमानंतर मी त्यांना शोधत मागच्या बाजूला गेले. तिथे पाण्याच्या टाकीपाशी त्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या. शाल, साडी, नारळ सगळं टाकीच्या कठड्यावर ठेवलं होतं. मी म्हटलं, मावशी, आज तुमच्या आईला न्याय मिळाला.

त्यांनी नळ बंद केला.

"फौजदार कुठनं आला, बाई?" त्या म्हणाल्या. "फौजदार कवा घाटावर आलाच न्हाय. ह्येनं मारलं."

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, हळू, पोराला समजावावं तसं. दोघं सोबती पलीकडच्या तीरावर पकडले गेले, म्हणजे बातमी होडीवालीनेच फोडली असणार, असं तरण्या तात्याच्या डोक्यात बसलं. दिवेलागणीला तो दोघा-तिघांना घेऊन घाटावर आला. साळूक्का होडी बांधत होती, नऊ वर्षांची अनुसा शेजारी होती. त्याने विचारलं, कुणाला सांगितलंस? ती म्हणाली, कुणाला न्हाय. त्याने पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग त्याने होडीतलं वल्हं उचललं.

"म्हैन्याभरानं कळलं, फोडणारा त्याचाच चुलतभाऊ हुता," अनुसाबाई म्हणाल्या. "तवा आला हुता घरी. दारातच हुबा ऱ्हायला. म्हणला, काय लागलं तर सांग. आईला सांगाया तोंड कुठं हुतं? त्येच्यानंतर आज शाल घेऊनच आला."

मी विचारलं, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काढलं नसतं."

ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"मला काय बी नको हुतं," त्या म्हणाल्या. "पैका नको, माफी नको. त्यानं बघावं येवढंच. बघितल्यावर तोंड कसं हुतंय ते मला बघायचं हुतं. मला वाटलं, इसरला असंल. इसरला असता तरी चाललं असतं."

"आठवलं का त्यांना?"

"वल्ह्याचं म्या कुणाला बोलले नव्हते. तुमास्नी बी न्हाय. त्येच्या तोंडातनं आपसूक आलं." त्यांनी शाल उचलून घडी केली. "सगळं आठवतंय त्याला. म्हणून तर येवढं बेस खोटं बोलला."

जाताना त्या मागे वळल्या. म्हणाल्या, "बाई, आता त्यो जबडा सरळ करा. आईचं तोंड त्येच्या खोट्याला नको."

दुसऱ्या दिवशी मी घोरवड्यांच्या बंगल्यावर गेले. मृणालिनीताईंनी मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही, विचारलंही काही नाही. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"सासूबाईंनी सांगितलं होतं मला," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी. त्या आयुष्यभर संकष्टीला भोयांच्या घरी शिधा पाठवायच्या, कुणाच्या नावाने ते न सांगता. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, बाई. म्हणून तर तिचं नाव मी यादीत घातलं."

"मग तुम्ही बोला."

"मला या घरात राहायचंय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. एखादीने घरातली अडचण सांगावी तसं सांगितलं.

मी म्हटलं, निदान अनुसाबाई म्हणतात तसं करू द्या, मला चित्र परत द्या. त्या म्हणाल्या, आता ते शक्य नाही. कालच्या भाषणानंतर सगळे तेच चित्र बघायला येताहेत. पाटीचा मजकूरही बदलायला सांगितला आहे, भाषणातली वाक्यं पितळेवर कोरायची आहेत.

"जबडा राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आज ना उद्या कुणीतरी विचारेल, कसा मोडला म्हणून."

"विचारणार कशाला, ताई? उत्तर खाली लिहिलेलंच असणार."

त्या उठल्या. बाहेर येईपर्यंत सोबत आल्या आणि दाराशी मला हळदीकुंकू लावलं.

मी गप्प बसले नाही, एवढं सांगते. सांगलीच्या एका संपादकांकडे अनुसाबाईंना घेऊन गेले. त्यांनी आम्हाला चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुसरा साक्षीदार आणा. मारायला आलेल्यांपैकी दोघं वारले होते. तिसरा कारखान्याचा उपाध्यक्ष होता. पुढल्या जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या डोंगराकडच्या शाखेत झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिथे गेल्यावर मी अनुसाबाईंसाठी एक लहान चित्र काढलं. तीच साळूक्का, तोच बघणारा चेहरा, पण जबडा सरळ, ओठ मिटलेले, तोंडावर नदीचा उजेड. वल्हं उचललं जायच्या आदल्या दिवशीची. भवनातलं बदलता येत नव्हतं, तर निदान घरात त्यांच्याकडे असावं म्हणून. एका रविवारी ते गुंडाळून मी पाणदऱ्याला घेऊन गेले.

अनुसाबाईंनी ते दोन्ही हातांत धरलं. जवळ नेलं, लांब धरलं, मग दारात उजेडाला नेलं. मी वाट बघत होते.

"कोण ही?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर बोट ठेवून हनुवटीपर्यंत आणलं.

"नऊ वर्सं बघितली असंल की म्या अशी," त्या म्हणाल्या. "पर आठवत न्हाय बाई. ध्यानात येतीया ती तीच." आणि चित्र मला परत देत म्हणाल्या, "तुमच्याकडंच ठेवा. हिला वळखत न्हाय मी."

त्यानंतर त्यांची-माझी भेट झाली नाही. त्या वारल्याचं मला कुणीतरी बाजारात सांगितलं. तात्यासाहेब त्यांच्या आधीच गेले. कारखान्याचं गाळप त्या दिवशी बंद होतं, शाळांना सुट्टी होती आणि आम्हा शिक्षकांना अंत्ययात्रेत रांगेने चालावं लागलं.

परवाच्या ऑगस्टमध्ये हिवरतळ्याच्या माझ्या जुन्या शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं. निवृत्त शिक्षिकांचा सत्कार होता. त्याआधी मुलींनी एक नाटुकलं केलं. निळ्या कापडाची नदी केली होती, पुठ्ठ्याची होडी होती. खाकी कपडे घातलेल्या एका मुलीने मिशी लावून वल्हं उचललं आणि साळूक्का झालेली मुलगी खाली पडली. उठली तेव्हा तिच्या जबड्याला पांढरी पट्टी बांधलेली होती आणि तिने ओठ एका बाजूला वाकडे धरले होते. बऱ्याच सरावाने जमलं असणार. मग धोतर नेसलेला तात्यासाहेब आला आणि तिच्या पाया पडला.

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या शेजारी शाळेतली एक नवी शिक्षिका बसली होती, तरुण, माझ्या ओळखीची नव्हती. तिचे डोळे भरले होते. मी बसूनच आहे हे पाहून तिला वाटलं असावं, मला काही कळलंच नाही. ती माझ्या कानाशी वाकली आणि आदराने म्हणाली, "खरी घडलेली गोष्ट आहे बरं का ही, बाई."